मॉरिसचं इंजिन झिजलंय म्हणजे नेमकं काय झिजलंय?

डिचोलीहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या आजोबांनी १९५९ साली घेतलेली मॉरिस मायनर १००० अजून घरात आहे. वडील ती २००३ पर्यंत रोज चालवत. त्यानंतर गाडी चवथीला आणि एखाद्या लग्नकार्याला बाहेर निघते, एरवी शेडमध्ये उभी असते. हल्ली सकाळी चालू केली की निळा धूर येतो आणि थोड्या वेळानं निवळतो. ४०० किलोमीटरला लिटरभर ऑइल जातं. थंड इंजिनातून ठकठक ऐकू येते, गरम झाल्यावर ती कमी होते. गरम गाडी कुठं थांबली की ऑइलचा दिवा लुकलुकतो. मेकॅनिकनं कंप्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजला; चार सिलिंडरचे आकडे आले १२०, ८५, ९०, ११८ पौंड. त्यावरून तो म्हणतो, इंजिन संपलं, ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडर कातून मोठे करून, नवे पिस्टन घालायचे. ताईंचा प्रश्न असा की हे खरं असेल का, आणि ते ओळखायचं कसं.

ताई, ब्लॉक इतक्यात लेथवाल्याकडे पाठवू नका. तुम्ही सांगितलेल्या चार खुणा इंजिनातल्या चार वेगळ्या जागांकडे बोट दाखवतात आणि बोअर हा त्यातल्या फार तर एका खुणेवरचा इलाज आहे. उलट जी खूण मला सगळ्यात जास्त खटकते, म्हणजे ऑइलचा दिवा, ती बोअर करून जाणारच नाही.

घाई नको म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. तुमचं इंजिन ९४८ सीसीचं आहे. त्याचा ब्लॉक बिडाचा, आणि सिलिंडर त्या बिडातच थेट कातलेले असतात, मूळच्या बांधणीत स्लीव्ह, म्हणजे वेगळी आतली नळी, नसते. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६२.९ मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ७६.२. ओव्हरसाइझ पिस्टन मिळतात ते १०, २०, ३० आणि ४० थाऊचे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. म्हणजे मूळ मापापासून शेवटच्या मापापर्यंत सगळा मिळून जेमतेम एक मिलिमीटर खर्चायला आहे. तुमच्या वडिलांनी किंवा आजोबांनी यातली एखादी पायरी आधीच वापरलेली असू शकते. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं की पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला आकडा दिसेल, त्यावरून ते कळेल. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी हवी असेल तर गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, शिवाय चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. अशा गाडीचा मूळ ब्लॉक ही जपायची वस्तू आहे.

आता गोव्याची म्हणून एक गोष्ट. आमच्याकडे इंजिनं चालून झिजतात त्याहून जास्त उभी राहून बिघडतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतकी ओल असते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तीच ओल उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरात शिरते. पिस्टन जिथं थांबला असेल तिथं भिंतीवर गंजाची कडी बसते, आणि जुन्या ऑइलचा चिकटा पिस्टनवरच्या रिंगांच्या खाचेत सुकतो. रिंगा खाचेत चिकटल्या की भिंतीला टेकत नाहीत. मग कंप्रेशन पडतं, ऑइल वर चढतं, धूर येतो. झिजलेल्या रिंगांचीही लक्षणं अगदी हीच. म्हणून उभ्या गाडीचे आकडे पहिल्याच दिवशी घेऊन निदान करणं म्हणजे महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवून दम तपासण्यासारखं आहे.

काही वर्षांपूर्वी शिरोड्याहून एक फियाट माझ्याकडे टो करून आली होती. सहा वर्षं माडाच्या बनात उभी होती, कंप्रेशन चारही सिलिंडरला ६० ते ७५. मालकानं आधीच पिस्टनची चौकशी करून ठेवलेली. मी चारही प्लग काढून प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे गिअरबॉक्सचं पातळ एटीएफ ऑइल आणि डिझेल यांचं मिश्रण सोडलं. चार दिवस रोज सकाळी इंजिन हातानं थोडं पुढे, थोडं मागे फिरवलं. पाचव्या दिवशी खाली झिरपलेल्या मिश्रणासकट सगळं ऑइल काढून टाकलं, नवं भरलं आणि मालकाला सांगितलं, ४०० किलोमीटर चालव; जागेवर रेस करत बसू नकोस, रस्त्यावर चालव. परत आली तेव्हा आकडे ११५ ते १२५ होते. त्या गाडीला पिस्टन लागले नाहीत.

तुमच्या गाडीत मात्र खऱ्या झिजेचीही शंका घ्यायला जागा आहे, आणि तिचं कारण डिचोली. वडील रोज गाडी चालवत त्या काळात त्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जात. २०१२ साली खाणी बंद होईपर्यंत साखळी-डिचोलीच्या झाडांची पानंही तांबडी असायची, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती धूळ म्हणजे लोखंडाचं खनिज. एअर फिल्टर सैल असेल किंवा गॅस्केटशिवाय बसवला असेल, तर ती ऑइलमध्ये मिसळून घासणीच्या पेस्टसारखी रिंगा खाते. एक सोपी तपासणी करा. एअर फिल्टर काढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात आतून पांढऱ्या फडक्याचं टोक फिरवा. फडकं तांबूस झालं तर फिल्टरला चुकवून धूळ आत जात होती असं समजा. बोअर खरंच झिजला असेल, तर या फडक्यावर त्याचा पहिला पुरावा मिळतो.

आता तपासणी. मॉरिसला इंजिन पुढून हातानं फिरवायचं हँडल असतं, आणि या कामासाठी त्याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. गाडी न्यूट्रलला, चावी काढलेली, हँडब्रेक ओढलेला. अंगठा हँडलच्या त्याच बाजूला ठेवायचा ज्या बाजूला बाकीची बोटं आहेत, हँडलला मिठी मारायची नाही. उलटा झटका बसला तर अंगठा मोडतो. प्लग जागेवर ठेवून हँडल हळूहळू फिरवा. दोन फेऱ्यांत चार वेळा हाताला उशी लागल्यासारखी वाटली पाहिजे, आणि उशीवर जोर देऊन थांबलात तर ती क्षणभर तरी परत ढकलली पाहिजे. चारातल्या दोन उशा मऊ लागल्या तर त्या कुठल्या ते लक्षात ठेवा. इंजिन १-३-४-२ या क्रमानं पेटतं, म्हणून मऊ उशा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या असतील तर फिरवताना त्या लागोपाठ येणार नाहीत, एकाआड एक येतील. हे एकदा हातानं अनुभवलं की गेजचा आकडा काय सांगतो ते नीट उमजतं.

मग डिपस्टिक काढा आणि तिचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरमधला फ्लोट अडकून पेट्रोल खाली उतरतंय आणि ऑइल पातळ झालंय. उभ्या गाडीत हे नेहमी होतं. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला पाणी धरायची सवय आहे आणि जुन्या रबराशी त्याचं जमत नाही, त्यामुळे आता तर जास्तच. ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा असेल तर आत पाणी आहे. दोन्हीपैकी काहीही आढळलं तर आधी ऑइल बदला, २०डब्ल्यू-५० घाला, आणि पुढच्या तपासण्या त्यानंतर करा.

कंप्रेशनचे तुमचे आकडे मी बराच वेळ बघत बसलो. पहिला आणि चौथा जवळजवळ सारखे, दुसरा आणि तिसरा जवळजवळ सारखे, आणि मधली जोडी खाली. बोअरची झीज अशी जोडीनं येत नाही. धूळ गेली असेल तर ती थोडीफार चारही सिलिंडरना गेली असणार. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले की मी पहिली शंका त्या दोघांमधल्या वस्तूवर घेतो. तुमच्या इंजिनात दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे हेड गॅस्केटची अरुंद पट्टी, जी तिथं फुंकली जाते. दुसरी गोष्ट या इंजिनाच्या घडणीतली: पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला धूर बाहेर टाकायला आपापलं स्वतंत्र तोंड आहे, पण दुसरा आणि तिसरा मिळून एकच मधलं तोंड वापरतात. दोघांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह शेजारी शेजारी, म्हणून ती हेडमधली सगळ्यात तापणारी जागा.

याच्याशी पेट्रोलचाही संबंध आहे. या हेडमध्ये व्हॉल्व्हची बैठक बिडातच कातलेली असते, वेगळी कडक रिंग बसवलेली नसते. जुन्या पेट्रोलमधलं शिसं या बैठकीला अस्तरासारखं वाचवत होतं. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्याकडे सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल आलं. त्यानंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू बैठकीत रुतत जातो, त्याची दांडी वर येते, आणि टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली मोकळी जागा, कमी कमी होत संपते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. कंप्रेशन पडतं, आणि कडेनं गरम वायू निसटून व्हॉल्व्ह जळू लागतो. तुमचे वडील शिसेविरहित पेट्रोलवर तीन वर्षं रोज चालवत होते, त्यानंतरही टॅपेट कुणी बघितले नसतील तर ८५ आणि ९० चा उलगडा इथंच होऊ शकेल.

म्हणून कंप्रेशन पुन्हा घेण्याआधी टॅपेट. इंजिन थंड असताना फट १२ थाऊ, म्हणजे ०.३० मिलिमीटर. पुढून मोजत आठ व्हॉल्व्हपैकी १, ४, ५ आणि ८ हे एक्झॉस्टचे. सेट करताना नऊचा नियम: जो व्हॉल्व्ह सेट करायचा त्याचा क्रमांक नवातून वजा करा, उत्तरातला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला पाहिजे. म्हणजे ५ पूर्ण उघडा असताना ४ सेट करायचा आणि ४ उघडा असताना ५. फट मोजायच्या फीलरचं पातं ४ आणि ५ खाली शिरतच नसेल तर मेकॅनिकला तिथंच थांबवा. आणखी एक बघा. रॉकरचं टोक जिथं व्हॉल्व्हवर आदळतं तिथं खळगा पडलेला असेल तर पातं खळग्यावरून पुलासारखं जातं. फीलर १२ सांगतो आणि खरी फट १८-२० असते. वरून टिकटिक येत राहणाऱ्या, कितीही सेट केल्या तरी शांत न होणाऱ्या गाड्यांत बहुधा हाच खळगा असतो.

आता कंप्रेशन पुन्हा घ्या, या वेळी नीट. इंजिन पुरतं गरम. चारही प्लग बाहेर, एकच काढून चालणार नाही. कॉइलची तार सोडलेली. बॅटरी भरलेली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि कार्ब्युरेटरमधला पिस्टन बोटानं वर उचलून धरलेला. एसयू कार्ब्युरेटरमध्ये ही पायरी विसरली तर हवा पुरेशी आत जात नाही आणि चांगल्या इंजिनाचेही आकडे खाली येतात. प्रत्येक सिलिंडरला सहा ठोके द्या आणि शेवटच्या आकड्याइतकंच पहिल्या ठोक्याकडे लक्ष ठेवा. चांगला सिलिंडर पहिल्याच ठोक्याला निम्म्याहून वर उडी मारतो. रिंगा गेलेला सिलिंडर कष्टानं, थोडा थोडा चढतो. जळका व्हॉल्व्ह पहिल्या ठोक्याला खाली राहतो आणि पुढे चढायचंच नाव घेत नाही. ८.३:१ कंप्रेशनचं हे इंजिन निरोगी असेल तर १४० ते १६० पौंड दाखवतं. पण जुन्या गाडीत मी एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघतो. सगळे १२० असलेली गाडी अजून बरीच वर्षं चालते. एक १५० आणि दुसरा १०० असेल तर ती काहीतरी सांगत असते.

मग ओली चाचणी. कमी आलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडा, दोन वेळा फिरवा, पुन्हा आकडा घ्या. ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. आकडा २५-३० पौंडांनी उडाला तर गळती रिंगांतून. जवळजवळ तिथंच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. एकावर चाचणी करून थांबू नका, चारही सिलिंडरवर करा. पहिला आणि चौथाही भरपूर वर गेले तर रिंगांची थोडी झीज सगळीकडेच आहे असं समजायचं.

तरीही शंका उरली तर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर उपयोगी पडतो. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गाडी गिअरमध्ये, आणि हँडल काढून बाजूला ठेवलेलं. हे शेवटचं विसरायचं नाही, हवेच्या जोरानं इंजिन फिरलं तर हँडल फिरून हात मोडेल. प्लगच्या भोकातून हवा भरा आणि ऐका. सायलेन्सरच्या तोंडाशी फुस्स येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरमध्ये येत असेल तर इनलेट. ऑइल भरायच्या झाकणाशी येत असेल तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. दुसऱ्या सिलिंडरात भरलेली हवा तिसऱ्याच्या भोकातून तोंडावर आली तर गॅस्केटची मधली पट्टी गेली आहे. यात डोकं चालवायची गरज उरत नाही, कानच निकाल देतो. मालकानं जवळ उभं राहून स्वतः ऐकावं अशी ही चाचणी आहे, म्हणून मी ती नेहमी त्याच्या समोर करतो.

ही चाचणी मी फार पूर्वी एकदा टाळली होती, आणि ते अजून सलतं. एका गाडीच्या मधल्या दोन सिलिंडरना कंप्रेशन नव्हतं. मी रिंगा म्हटलं, इंजिन खाली उतरवलं, पिस्टन काढले. बोअर आरशासारखा, जेमतेम दोन-तीन थाऊ झिजलेला. गॅस्केट उचलून उजेडात धरलं तर मधल्या पट्टीवर काळी जळकी रेघ. मालकाचे पैसे आणि एक महिना मी त्या रेघेपायी घालवला होता.

धुराबद्दल. सकाळी पहिल्यांदा चालू करताना येऊन निवळणारा निळा धूर हा बहुतेक वेळा व्हॉल्व्ह गाइडचा, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिचा, असतो. रात्रभर वरचं ऑइल दांडीवरून झिरपून खाली साचतं आणि सकाळी जळतं. या इंजिनात दांडीवर रबराची लहानशी रिंग असते, ती काही वर्षांत लाकडासारखी कडक होते. रिंगांचा धूर वेगळा वागतो, तो जोर लावताना येतो. तुमच्यापासून चोर्ला घाट दूर नाही. केरीहून वर चढताना मागच्या गाडीतल्या माणसाला बघायला सांगा: चढावर ॲक्सिलरेटर दाबलेला असताना सतत निळा धूर असेल तर रिंगा. उतरताना गिअरवर गाडी सोडून खाली आलात आणि परत ॲक्सिलरेटर दिला त्या क्षणी भसकन ढग आला तर गाइड, कारण उतारावर इंजिनातली ओढ वाढते आणि गाइडमधून ऑइल शोषलं जातं. पण ही चाचणी ऑइल प्रेशर तपासल्याशिवाय करू नका, ते पुढे सांगतो. पावसाळी सकाळचा पांढरा धूर वाफेचा असतो, तो मनावर घेऊ नका.

४०० किलोमीटरला लिटर हे मात्र बरंच झालं. त्यातलं गळतं किती ते आधी बघा. या इंजिनाच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं ऑइल सील नाही, क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या फिरत्या दांड्यावर, कातलेल्या आट्याच ऑइल परत ढकलतात, आणि इंजिन बंद झालं की थोडं ऑइल ठिपकणारच. रात्री खाली पुठ्ठा ठेवा. हाताच्या पंजाएवढा डाग पडला तर काळजी नाही, ताटाएवढा पडत असेल तर जळण्याइतकाच गळतीचाही हिशेब धरा. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. थोडी वाफ चालते. आगगाडीसारखे भसाभस झोत येत असतील तर रिंगांतून वायू खाली उतरतोय.

थंड असताना येणारी आणि गरम झाल्यावर कमी होणारी ठकठक बहुधा पिस्टनची असते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम जास्त फुगतं, म्हणून गरम झाल्यावर पिस्टन बोअरमध्ये घट्ट बसतो आणि आपटायचा थांबतो. म्हणजे बोअर थोडा सैल आहे हे नक्की, इतपत तुमचा मेकॅनिक बरोबर आहे. पण अशा आवाजावर गाडी कितीतरी हजार किलोमीटर चालते. त्या आवाजाला घाबरू नका. उलट वागणाऱ्या आवाजाला घाबरा: थंड असताना गप्प, आणि ऑइल पातळ झालं की खोलवरून, हातोडीसारखा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला, मूठ कानाच्या हाडाला लावून ऐका. मग कोरड्या हातानं, प्लॅस्टिक मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरनं एकेका प्लगचं टोक क्षणभर ब्लॉकला शॉर्ट करा. एखादा प्लग बंद करताच खालचा ठोका मेला तर त्या सिलिंडरच्या रॉडच्या खालच्या टोकाचं, म्हणजे बिग एंड बेअरिंग. कुठलाही बंद करून फरक पडत नसेल आणि चढावर घुमल्यासारखा आवाज येत असेल तर क्रँकला पेलणारं मेन बेअरिंग. क्लच दाबताना कुणाला तरी पुढची क्रँकची पुली बघायला लावा. मूळ माप ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर हालचालीचं आहे, ते डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पुली पुढेमागे सरकताना दिसली तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर गेले.

आणि आता तो दिवा. हा दिवा प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच पेटतो, म्हणून तो लुकलुकेपर्यंत बरंच काही घडून गेलेलं असू शकतं. दिव्याच्या स्विचच्या जागी गेज बसवा. वीस किलोमीटर चालवून इंजिन पुरतं गरम करा. रस्त्याच्या वेगाला साधारण ६० पौंड यायला हवेत, आयडलवर १५ च्या आसपास. वेगात ५० आणि आयडलवर १० असेल तर मी त्या गाडीला चालू देईन. वेगातही ३० च्या वर जात नसेल तर मेटल, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगच्या वाट्या, झिजलेत, ऑइल पंप झिजलाय किंवा रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग थकली आहे. स्प्रिंग बाहेरून काढून बघता येते, तिथून सुरुवात करा. स्विचच खराब असतो असंही घडतं, गेज ते लगेच दाखवतं. कुणी जाड ऑइल किंवा डब्यातलं घट्ट औषध घालायला सांगितलं तर घालू नका. दिवा विझेल, पण बेअरिंगपर्यंत ऑइल पोचायला आणखी वेळ लागेल आणि थंड सुरुवातीला क्रँक कोरडा फिरेल.

याच वेळी ऑइल गाळून बघा. पांढऱ्या थाळीत पसरून उन्हात धरा, चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी काळी पूड रिंगांची आणि बोअरची, थोडी असणारच. न चिकटणारे राखाडी चकचकीत कण बेअरिंगचे. त्यात तांबूस झाक दिसली तर मेटलचा वरचा थर संपून खालचं तांबं उघडं पडलंय. मग ती गाडी पुढे चालवायची नाही. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवून एकेक बिग एंडची कॅप काढा, कॅपवरचे क्रमांक आणि दिशा टिपून ठेवा, आणि क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर, मेणाची बारीक मोजतार ठेवून कॅप पुन्हा घट्ट करा. चेपलेल्या तारेची रुंदी फट सांगते. १ ते अडीच थाऊ चांगलं. चारच्या पुढे गेलं तर क्रँक ग्राइंडिंगला गेला पाहिजे.

हेड उतरवायची वेळ आलीच, आणि व्हॉल्व्हसाठी ती बहुधा येईल, तर बोअरच्या वरच्या काठाजवळ भिंतीवर नख वर सरकवा. जिथं वरची रिंग पोचत नाही तिथं न झिजलेल्या लोखंडाची पायरी असते. नख नुसतं जाणवून पुढे गेलं तर ठीक. अडकून थांबलं तर झीज मोठी. झीज नेहमी वर जास्त असते, कारण तिथं ताप आणि दाब सर्वात जास्त आणि ऑइल सर्वात कमी. मग बोअर गेजनं वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं दोन्ही दिशांनी मोजा. माझा स्वतःचा मापदंड असा: वर-खालचा फरक सहा थाऊच्या आत असेल तर पायरी काढून, बोअर होन करून, म्हणजे भिंत बारीक घासून, नव्या रिंगा. आठच्या पुढे असेल तर बोअर, आणि तेव्हा तुमच्या मेकॅनिकचं ऐका. पायरी न काढता नव्या रिंगा बसवल्या तर वरची रिंग तिच्यावर आपटून मोडते. भिंतीवर एकाच उंचीला गंजाची कडी दिसली आणि बाकी माप चांगलं असलं तर ती झीज नाही, उभं राहिल्याची खूण आहे. ती नखाला लागत नसेल तर होन करून भागतं.

माझा अंदाज विचाराल तर हेडचं काम करावं लागेल: गाइड, दोन-तीन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि त्याच वेळी शिसेविरहित पेट्रोल सोसणाऱ्या कडक बैठका. खाली मेटल बदलावे लागतील की नाही ते गेज सांगेल. बोअर कदाचित आणखी दहा वर्षं थांबू शकेल.

गेजवर गरम प्रेशर बघेपर्यंत गाडी घाटावर नेऊ नका आणि चवथीच्या खरेदीलाही काढू नका. फडक्याचा रंग, ४ आणि ५ ची टॅपेट फट, कोरडे-ओले आठ आकडे आणि वेगातलं व आयडलवरचं प्रेशर एवढं मला कळवा. फट मिळाली नाही तर तेही कळवा, तो आकडाही कामाचा आहे.